बाटलीत बुडबुडे येतात तोवर गोळ्या बंद करू नका

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"डॉक्टर, माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. थोडी द्राक्षबाग आणि दोन म्हशी आहेत. आबांना शुगर आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, कोर्स पुरा केला होता. दिवाळीपासून खोकल्यातून रक्त पडायला लागलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात टीबीच्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा निघाला. मिरजेत ऑपरेशन करून तो भाग काढला. महिना होत आला, पण छातीतली नळी अजून तशीच आहे. खोकलं की नळीला जोडलेल्या बाटलीत बुडबुडे येतात. मध्ये ताप आला म्हणून नळीतलं पाणी तपासलं, त्यात ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढली. व्होरिकोनाझोलच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की आबांना दिवे भगभगीत दिसतात, रंग बदलल्यासारखे वाटतात. डोळे जातील या भीतीनं त्यांनी चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. दीर म्हणतात ऑपरेशनच बिघडलं, दुसरीकडे जाऊ. गावातले डॉक्टर म्हणाले टीबी उलटला असेल, टीबीच्या गोळ्या सुरू करू. सासूबाईंनी आबांचं ताट-तांब्या वेगळा केलाय, माझ्या लेकराला त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. सर्जन म्हणतात परत ऑपरेशन लागू शकतं. आबा म्हणतात, आता मला कापू नका. मी काय करू?"

ताई,

बाकी सगळं नंतर. हे वाचून झालं की लगेच सर्जनना किंवा त्यांच्या वॉर्डात फोन करा आणि सांगा, "आबांनी चार दिवस व्होरिकोनाझोल घेतलेली नाही, डोळ्यांना त्रास होत होता." ते रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तरी चालेल. गोळ्या चालू आहेत असं धरूनच ते पुढचं ठरवताहेत. ताप का उतरत नाही, औषध लागू पडतंय का, परत ऑपरेशन करायचं का, सगळं त्यावर अवलंबून आहे. गोळ्या पोटात जातच नसतील तर उद्या ते म्हणतील, औषधाचा गुण येत नाही, आता कापावंच लागेल. आबांना नेमकं तेच नको आहे. आणि राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम जास्त देऊ नका. परत कशा सुरू करायच्या ते डॉक्टर सांगतील.

आता आबांच्या डोळ्यांचं. या औषधाचा हा त्रास आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्याएक तासात उजेड बोचायला लागतो, रंग वेगळे वाटतात, थोडं धूसर दिसतं, आणि मग थोड्या वेळात सगळं पहिल्यासारखं होतं. पुष्कळ रुग्णांना हे पहिल्या आठवड्यात होतं, नंतर आपोआप कमी होत जातं. यानं सहसा नजर जात नाही. हे आबांना कुणीतरी गोळी देतानाच सांगायला हवं होतं. भरल्या ओपीडीत ते राहून जातं आणि मग माणूस घाबरून गोळ्या उशाखाली सरकवतो. गोळी घेतल्यावर तासभर आबांना एका जागी बसू द्या, अंधारात गोठ्याकडे एकटं जाऊ देऊ नका. दिसण्यातला फरक दिवसभर टिकून राहिला किंवा डोळे दुखायला लागले, तर मात्र दाखवा. नसलेली माणसं दिसणं, भलतंसलतं बोलणं, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवा.

या औषधाची आणखी एक गंमत नव्हे, अडचण आहे. तेवढ्याच डोसनं एकाच्या रक्तात ते भरपूर साठतं आणि दुसऱ्याच्या रक्तात नावालाही राहत नाही, कारण प्रत्येकाचं यकृत ते वेगळ्या वेगानं मोडतं. म्हणून सुरू केल्यावर काही दिवसांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्तातली पातळी तपासतात. ती साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मध्ये असावी. जास्त भरली तर डोसच कमी करता येतो, म्हणजे आबांचा त्रासही कमी. कमी भरली तर बुरशी मरणार नाही. ही तपासणी झाली आहे का, विचारा. झाली नसेल तर करून मागा. बाहेरच्या लॅबला पाठवावी लागली तरी पैसे सत्कारणी लागतील. सोबत यकृताची तपासणीही अधूनमधून व्हायला हवी.

गोळी रिकाम्या पोटी द्या, जेवणाच्या किमान तासभर आधी किंवा तासभर नंतर. आपल्याकडे कडक औषध म्हटलं की भाकरी खाऊन घ्यायची पद्धत आहे, पण हे जेवणाबरोबर घेतलं तर अंगी कमी लागतं. आणि आबा शुगरसाठी ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेत असतील तर या औषधामुळे तिचा जोर वाढू शकतो आणि साखर अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी आली तर साखर तपासा आणि गोड द्या. तो त्रास बुरशीचा समजून बसू नका.

दुसरी घाईची गोष्ट गावातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची. टीबीच्या कोर्समध्ये रिफाम्पिसिन असतं. ते व्होरिकोनाझोलला रक्तात टिकूच देत नाही, पातळी नव्वद टक्क्यांहून जास्त घसरते. ही दोन औषधं एकत्र द्यायची नसतातच. म्हणजे अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू केल्या की बुरशीचं औषध घेऊन न घेतल्यासारखं होईल. त्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच असणार. आपल्या भागात टीबी इतका पाहिलेला आहे की छातीचं काहीही झालं की आधी तोच आठवतो, आणि जुन्या पोकळीतली बुरशी वर्षानुवर्षं टीबी समजून उपचारात काढलेले रुग्ण मी पाहते. पण टीबी आहे की नाही हे अंदाजानं ठरवायचं कारणच नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला असणार, त्याचा रिपोर्ट मागून घ्या. टीबीच्या कल्चरलाही, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीलाही, पाठवला होता का, ते विचारा. सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी पूर्वी टीबी झालेल्या माणसात जुन्या मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह दाखवू शकते, म्हणून कल्चरचं वजन जास्त. टीबी खरोखरच निघाला तर दोन्ही आजारांची औषधं एकमेकांना मारणार नाहीत अशी बसवावी लागतील, आणि ते काम छातीच्या तज्ज्ञाचं आहे.

आता दिरांच्या म्हणण्याकडे येते. मी ऑपरेशन पाहिलेलं नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात चूक झाल्याची खूण मला दिसत नाही. मुळात हा आजार कसा बसतो ते घरात सगळ्यांना सांगा. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या-माझ्या श्वासातून रोज शेकडो आत जातात आणि धडधाकट फुफ्फुस त्यांचा निकाल लावतं. टीबीच्या कोर्सनं आबांचे जंतू मेले, पण जंतूंनी पोखरलेली पोकळी तशीच राहिली. तिथं ना रक्त नीट पोचत, ना कफ नीट निघत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत, त्यांचं तुम्हाला माहीत असेल. तोंड घट्ट बंद आणि आत कोरडं, तोवर हळद वर्षानुवर्षं टिकते, पण ओल शिरली की सगळं नासतं, २००५ च्या महापुरात तिथं तेच झालं. आबांच्या छातीतल्या पोकळीला तर हवाही मिळत होती आणि ओलही, त्यामुळे बुरशी तिथं बसली आणि वाढत गेली. ब्रिटनमध्ये टीबीनंतर मोठ्या पोकळ्या राहिलेल्या ५४४ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं, त्याचा अहवाल १९७० साली आला. पहिल्या पाहणीत ११ टक्क्यांच्या पोकळीत असा गोळा दिसला, आणि काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा १७ वर गेला होता. कोर्स पुरा करूनही हे होतं. आबांनी काही हयगय केली म्हणून झालेलं नाही.

रक्त पडत होतं म्हणून ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं. अशा पोकळीतून कधी एकदम इतकं रक्त येतं की माणूस हाती लागत नाही. रक्तवाहिनीत तार घालून ती बंद करता येते, पण गोळा आत राहिला की काही महिन्यांत पुन्हा रक्त सुरू होण्याची भीती असते. म्हणून शक्य असेल तिथं तो भाग काढणं हाच पक्का उपाय.

मग अडलं कुठं? फुफ्फुसाचा वरचा भाग काढला की छातीत जागा मोकळी होते. निरोगी फुफ्फुस असेल तर उरलेला भाग फुगून, छाती-पोटामधला पडदा थोडा वर सरकून ती जागा भरून निघते. टीबीनं कडक झालेलं, छातीला चिकटलेलं फुफ्फुस तेवढं फुगत नाही. जागा उरते, फुफ्फुसाच्या पृष्ठभागातून किंवा शिवलेल्या श्वासनलिकेच्या टोकाकडून त्या जागेत हवा गळत राहते (बाटलीतले बुडबुडे याच हवेचे), आणि ऑपरेशनच्या वेळी पोकळीतून सांडलेले बीजाणू तिथं पाय रोवतात. त्यात शुगर. बुरशीच्या गोळ्यासाठी केलेल्या ऑपरेशननंतर हा धोका असतोच, आणि चांगल्या हातांखालीही तो कधी कधी खरा होतो. पाच दिवसांच्या पुढे हवा गळत राहिली की आम्ही ती लांबलेली गळती धरतो. आबांची महिन्याची आहे, म्हणजे आता तिचा विचार गंभीरपणेच करायला हवा.

दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला माझी काही हरकत नाही, अशा वेळी ते घ्यावंच. पण भांडून निघून जाऊ नका. ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, नळीतल्या पाण्याचं कल्चर, सीटीची सीडी आणि डिस्चार्जचे कागद बरोबर घेऊन जा. कागदाविना गेलात तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल आणि मधल्या दिवसांत बुरशी थांबणार नाही.

बाटलीविषयी थोडं, कारण घरी सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी ठेवा. आतल्या काचनळीचं टोक पाण्यात बुडालेलं असलं पाहिजे, साधारण दोन सेंटिमीटर. श्वासाबरोबर नळीतलं पाणी खालीवर होणं चांगलं लक्षण आहे. बुडबुडे येत असताना नळी चिमट्यानं किंवा दोऱ्यानं कधीही बंद करू नका, दवाखान्यात नेतानाही नाही. अडकलेली हवा आतच साठून फुफ्फुस आणि हृदय दाबते. सांडू नये म्हणून गाडीत बसताना नळी दुमडून धरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, त्यांना मोठ्यानं ओरडून थांबवावं लागतं. नळी बाहेर निघून आली तर भोकावर स्वच्छ जाड कापड ठेवून लगेच रुग्णालय गाठा. गळ्याशी, छातीशी सूज येऊन दाबलं की चुरचुर वाजायला लागलं, तर तेही लगेच सांगा.

आणि एक खूण नीट लक्षात ठेवा. आबांना अचानक भरपूर पातळ, गंजासारख्या रंगाचा कफ पडायला लागला, एका कुशीवर झोपलं की खोकला उसळायला लागला, तर श्वासनलिकेचं शिवलेलं टोक सुटल्याची शंका घ्यायची. त्या वेळी त्यांना बसतं करा. बसवत नसेल तर उजव्या, म्हणजे ऑपरेशन झालेल्या कुशीवर झोपवा, म्हणजे तिथलं पाणी चांगल्या डाव्या फुफ्फुसात उतरणार नाही. आणि रात्र असो की पाऊस, मिरज गाठा. कपभर रक्त पडलं, दम लागला, थंडी वाजून ताप भरला, तरी तेच करा.

परत ऑपरेशनची भीती मला कळते. छाती एकदा उघडल्यावर त्या दुखण्याला माणूस पुन्हा तयार होत नाही. पण आबांना सांगा की पुढची वाट एकच नसते. आधी नळी चांगली चालतेय का, पाणी पूर्ण निघतंय का, औषधाची पातळी जमलीय का, हे बघतात. काही वेळा तेवढ्यावर आणि सकस खाण्यावर गळती बंद होते. दुर्बिणीतून आत जाऊन भोक बुजवायचा प्रयत्न करता येतो. नाहीच जमलं तर दोन-तीन बरगड्यांचे तुकडे काढून जागा बाहेरून उघडी ठेवतात आणि रोज आतून पट्टी बदलतात. १९३५ पासून ही खिडकीची पद्धत माहीत आहे, आणि थकलेल्या, साखर असलेल्या माणसाला ती मोठ्या ऑपरेशनपेक्षा झेपते. किंवा पाठीचा स्नायू आत वळवून जागा भरून टाकतात. बरगड्या काढून छातीची भिंत आत बसवण्याची जुनी रीत टीबीवर औषधं नव्हती तेव्हाची, पण तीही अजून कामी येते. सर्जनना विचारा, तुमच्या मनात यातलं कुठलं आहे, आणि आबांचं वजन, साखर, उरलेल्या फुफ्फुसाची ताकद पाहता ते आत्ता करायचं की महिनाभर अंगात बळ आणून? माझं मत विचाराल तर जीवाला तातडीचा धोका नसेल आणि पाणी नीट निघत असेल तर आधी साखर, वजन आणि औषधाची पातळी ताळ्यावर आणावी. पण हे मी आबांना न तपासता लिहितेय, शेवटचा शब्द त्यांना रोज पाहणाऱ्यांचा. एक मात्र आधीच सांगते. कुणी घरच्या घरी नळीतून औषध सोडून छाती धुवायला सुचवलं, तर सर्जनना विचारल्याशिवाय बिलकूल करू नका. श्वासनलिकेला भोक असेल तर ते पाणी थेट चांगल्या फुफ्फुसात शिरतं.

बळ आणण्याचं काम मात्र तुमच्या हातात आहे. दूध, अंडी, मटकी, उसळी, चालत असेल तर मासे-मटण, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. हळदीचं दूध द्यायला हरकत नाही, ते औषधाच्या जागी मात्र नको. आणि दवाखान्यातून तीन रंगीत चेंडूंचं जे प्लास्टिकचं यंत्र मिळालं असेल ते काढा. आबा त्यात फुंकत असतील, बहुतेकजण फुंकतात. त्यातून हवा आत ओढायची असते. नळी ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढा, चेंडू वर गेला की दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवा, मग सोडा. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा. तुमच्या लेकराला मोजायला बसवा.

हो, लेकराला. सासूबाईंना माझ्या नावानं सांगा, ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. ती आपल्या सगळ्यांच्या श्वासात आहेच, आबांकडून ती कुणाला मिळणार नाही. त्यांचं ताट-तांब्या आजच परत सगळ्यांच्या भांड्यांत जाऊ द्या. टीबीच्या दिवसांत घरानं त्यांना वेगळं ठेवलं असेल, त्या वेळी त्याला थोडं तरी कारण होतं. आत्ता काहीच नाही, आणि नातवंडाला जवळ येऊ न देण्यानं आजारी माणूस जितका खचतो तितका नळीनंही खचत नाही.

उलट आबांनाच घरातल्या काही गोष्टींपासून जपायला हवं. ही बुरशी कुजणाऱ्या गरम ढिगात जोमानं वाढते, उकिरड्यातून वाफ निघते ती ऊब तिला मानवते. उकिरडा उपसणं, कंपोस्ट पसरणं, भिजलेला कडबा हलवणं, बुरसट धान्य पाखडणं ही कामं आबांनी करू नयेत, आणि ती चालू असताना जवळही थांबू नये. झोपायच्या खोलीची भिंत ओली, काळी पडलेली असेल तर खोली बदला.

बागेविषयी एक विचारून घ्या. भुरीसाठी आपण द्राक्षांवर जी ट्रायझोल गटातली औषधं मारतो, ती व्होरिकोनाझोलचीच भावंडं आहेत. त्यांना सरावलेली ॲस्परजिलस परदेशात सापडली आणि २०१२ साली आपल्या देशातल्या मातीतूनही मिळाल्याची नोंद झाली. यानं घाबरून जायचं नाही, बहुतेकांची बुरशी औषधाला दाद देते. पण रक्तातली पातळी बरोबर असूनही ताप आणि पाणी हटत नसेल, तर कल्चरमधल्या बुरशीवर कुठलं औषध चालतं याची तपासणी करा असं डॉक्टरांना म्हणा, आणि घरी द्राक्षबाग आहे हेही सांगा. शहरातल्या डॉक्टरांना ते आपणहून सुचेलच असं नाही.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, पण ओढाताण असणार. या गोळ्या महिनोन्महिने लागू शकतात. उरलेल्या फुफ्फुसातही बुरशी मुरली असेल तर किमान सहा महिने धरून चला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा, पुढचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं. योजनेचा फोन १५५३८८. घरी न्यायच्या गोळ्या त्यात येतीलच असं मात्र समजू नका. व्होरिकोनाझोल वेगवेगळ्या कंपन्यांची मिळते आणि भावात मोठा फरक असतो, स्वस्त कुठली चालेल ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. परवडत नाही हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे ते इट्राकोनाझोलचा विचार करू शकतील. पण तसं बदललं तर वेळही बदलेल. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते आणि तिच्याबरोबर गॅसची गोळी चालत नाही.

पुढच्या तपासणीला आबांबरोबर दिरांनाही न्या. त्यांचे प्रश्न सर्जनसमोर विचारून होऊ देत. आणि मागच्या चार दिवसांच्या न घेतलेल्या गोळ्या पाकिटासकट बरोबर ठेवा.